शाळेत पहिली, कॉलेजच्या संघात सातवी

अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळणाऱ्या मुलांचा रडवेला फोन साधारण फेब्रुवारीत येतो. शरद ऋतूत वैयक्तिक स्पर्धा असतात, त्यात सगळ्यांनाच खेळायला मिळतं. जानेवारीपासून संघांचे सामने सुरू होतात आणि गणित बदलतं. आधी दुहेरीचे तीन सामने होतात. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक. संघात मुली आठ-दहा, एकेरीच्या जागा सहा. शाळेत चार वर्षं पहिल्या नंबरवर खेळलेली तुमची लेक सातवी ठरली, तर कुंपणापाशी उभी राहून मैत्रिणींसाठी ओरडते. दुखतं ते नेमकं इथे. सरावाचा ताण ती सोसते, पण 'मी म्हणजे टेनिस' हे समीकरण मोडलेलं सोसत नाही.

त्यात वेळेची ओढाताण. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची अमेरिकेतली नियामक संस्था, आणि डिव्हिजन वन हा तिचा सर्वांत वरचा गट. त्याच्या नियमानुसार हंगामात खेळासाठी आठवड्याला 20 तास, दिवसाला चार तास आणि एक दिवस सुट्टी. कागदावर छान दिसतं. पण सामन्याचा अख्खा दिवस तीनच तास धरला जातो, आणि बसचा प्रवास किंवा दुखापतीवरचे उपचार मोजलेच जात नाहीत. तेव्हा 'वीसच तास तर आहेत, अभ्यास का होत नाही?' हा प्रश्न विचारू नका.

खेळही थोडा वेगळा. 40-40 झाले की एकाच पॉइंटवर गेम संपतो. ज्युनिअर स्पर्धांत अॅडव्हान्टेजवर, म्हणजे 40-40 नंतर सलग दोन पॉइंट मिळेपर्यंत गेम चालू राहतो त्यात, सावरायची सवय लागलेली असते, ती इथे कामाला येत नाही. शेजारच्या कोर्टावरून आरडाओरडा चालू, समोर कदाचित बावीस वर्षांची परदेशी खेळाडू. यावर उपाय सरावातच करावा लागतो. शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येक गेम थेट 40-40 पासून सुरू करायचा. पॉइंट संपला की नेटकडे पाठ, नजर रॅकेटच्या तारांवर, एक लांब उच्छ्वास, मग सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवून चेंडू दरवेळी तितक्याच वेळा आपटायचा. हे गंमत वाटेल इतकं साधं आहे, पण पाय थरथरत असताना ठरलेलं काहीतरी करायला मिळणं हीच त्यातली मदत. कित्येक आठवडे रोज केल्याशिवाय ते सामन्यात आठवत नाही.

आता तुमच्याकडे येऊ. दहा वर्षं गाडी चालवणं, स्पर्धांचे फॉर्म भरणं, कोचशी बोलणं हे सगळं तुम्ही केलंत. ते काम संपलं. कोचला तुम्ही फोन केलात तर लेकीचंच वजन कमी होतं. तिला वेळ घेऊन स्वतः भेटू द्या. 'मला का खेळवत नाही?' असं विचारलं की उत्तरं गुळमुळीत मिळतात. 'येत्या सहा आठवड्यांत कोणत्या दोन गोष्टी सुधारल्या तर एकेरीच्या सहाव्या जागेसाठी माझा विचार होईल?' असं विचारावं आणि उत्तर त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावं.

सामन्याच्या रात्री तुमचा पहिला प्रश्न 'जिंकलीस का?' असा नको, 'जेवलीस का?' असू द्या. सामन्याची चर्चा तिने काढली तरच. संघ बदलायचा विचार हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवा. ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव गेलं की सध्याचं कॉलेज पुढच्या सत्रापासून शिष्यवृत्ती थांबवू शकतं.

ताणावर म्हणून भारतातून अश्वगंधा किंवा कुठलं चूर्ण पाठवायचा मोह होतो. संघाच्या अॅथलेटिक ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत पाहणाऱ्याला) दाखवल्याशिवाय पाठवू नका. भेसळीमुळे बंदी असलेलं काही चाचणीत सापडलं तर जबाबदार खेळाडूच धरला जातो. शेंगदाण्याची चटणी आणि लाडू खुशाल पाठवा. शाकाहारी मुलगी सारखी दमत असेल तर 'मनाचं आहे' म्हणण्याआधी रक्तातलं लोह आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पाळी तीन महिने चुकली तर डॉक्टर गाठा. सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते.

कॉलेजात पाऊल ठेवलं की शैक्षणिक नोंदींवरचे हक्क मुलांकडे जातात, वय सतरा असलं तरी. अठरा पूर्ण झाली की वैद्यकीय माहितीचंही तेच. म्हणून ऑगस्टमध्ये सामान लावतानाच ही माहिती तुम्हाला मिळावी यासाठी दोन्हींचे संमतीचे फॉर्म तिच्याशी बोलून, तिची तयारी असेल तर, सही करून घ्या. कॉलेजच्या समुपदेशन केंद्राचा नंबर तिच्या फोनमध्ये तेव्हाच जाऊ द्या. दोन आठवडे झोप उडालेली, वर्ग बुडवणं, मैत्रिणींना टाळणं असं दिसलं तर पुढच्या सामन्याची वाट न पाहता तिथली वेळ घ्यायला लावा. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तर अमेरिकेतून 988 या संकटकाळच्या मदतवाणीवर फोन किंवा मेसेज करता येतो, दिवसरात्र कधीही, आणि पालकांनाही.