आजोबा लष्करात होते. त्यांचं ‘निधन’ की ‘वीरगती’?

प्रश्न असा आहे: आजोबा लष्करातून निवृत्त झालेले, परवा ८९व्या वर्षी घरीच शांतपणे गेले. शोकसंदेशात घरातली तरुण मंडळी ‘वीरगती प्राप्त’ लिहा म्हणतात, कोणी ‘शहीद’ सुचवतं. ‘निधन’ सगळ्यांनाच सपक वाटतं. शिवाय हुद्दा कसा लिहायचा?

‘वीरगती’ लिहू नका. हल्ली गणवेशातला कोणीही गेला की हा शब्द चिकटवतात, आणि दर वेळी ते मला खुपतं. वीरगती मिळते ती रणात पडलेल्याला. तुमचे आजोबा नोकरी पुरी करून घरी परतले, त्यांनी नातवंडं खेळवली, पिकल्या वयात गेले. त्यांचं हे धडधाकट परत येणंच तुम्ही एका शब्दाने पुसून टाकताय. ‘हुतात्मा’लाही हेच लागू, हुत म्हणजे आहुती दिलेलं. ‘शहीद’ तर आपली सेनादलं अधिकृतपणे वापरतच नाहीत, सरकारने संसदेत तसं सांगितलेलं आहे.

आणि ‘निधन’ सपक? या शब्दावर एवढा अन्याय कशासाठी? याला जबाबदार आहेत ‘नि + धन, म्हणजे धन गेलं’ अशी फोड सांगत फिरणारे लोक. निर्धन या अर्थाचा ‘निधन’ संस्कृतात आहे, पण तो शब्द वेगळा. मृत्यूवाचक ‘निधन’ आला ‘नि + धा’वरून; शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी संस्कृत व्याकरणातली उणादिसूत्रंही हीच फोड देतात. धा म्हणजे ठेवणं. निधी, निधान, निहित ही सगळी त्याच घरातली. निधान म्हणजे जपून ठेवलेला ठेवा. म्हणजे ज्यांना या शब्दात धन जाताना दिसतं, त्यांना त्याची सख्खी भावंडं दिसलीच नाहीत!

खरी गंमत सामवेदात आहे. साम, म्हणजे चालीवर गायची ऋचा, गायचं ते पाच भागांत: प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि निधन. (यातले प्रस्ताव, उपद्रव आणि निधन आज आपल्या रोजच्या मराठीत आहेत, हे किती जणांच्या लक्षात येतं?) प्रस्ताव प्रस्तोता गातो, उद्गीथ उद्गाता, प्रतिहार प्रतिहर्ता, उपद्रव पुन्हा उद्गाता. शेवटचं निधन मात्र तिघांनी मिळून गायचं. गाणं जिथे टेकतं, तिथे एकट्याचा आवाज उरत नाही. मृत्यूच्या अर्थामागे हा सामाचा शेवटच आहे असं माझं ठाम मत आहे. दोन्ही अर्थ ‘शेवट’ या अर्थातून वेगवेगळे फुटले, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं सांगणारे विद्वान आहेत. त्यांनी एवढंच सांगावं की मरणाला इतके शब्द हाताशी असताना गाणाऱ्यांनी आपल्या एकत्र स्वराला दिलेलं नावच माणसाच्या अखेरीला का लागलं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मरणाच्या शब्दांची ओळ ‘पञ्चता’पासून सुरू होते आणि तिच्या अगदी शेवटी ‘निधन’ येतं. हा मला योगायोग वाटत नाही.

आणि सैनिकाला हा शब्द शोभत नाही म्हणता? ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ हे गीतेत रणांगणावर, एका योद्ध्यालाच सांगितलंय. त्यात बाण लागून पडण्याची अट नाही. आपलं काम निष्ठेने करत आलेला शेवट एवढंच तिथे मागितलंय, आणि तुमच्या आजोबांना तो मिळाला.

खाली ‘श्रद्धांजली’ लिहालच. ती ‘वाहतात’; ‘दिली’ हे हिंदीचं वळण. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा, म्हणजे इथेही तोच धा! आणि अंजली म्हणजे आपली ओंजळ. ‘निधन’ वर आणि ‘श्रद्धांजली’ खाली, दोन्ही शब्द एकाच धातूचे. यापेक्षा नेमकी जोडी मराठीत मला तरी माहीत नाही. ‘दुःखद’ लिहायचं तर खुशाल लिहा. ती द्विरुक्ती आहे म्हणून हिणवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. घरच्यांना दुःख झालंय, ते त्यांनी का लिहू नये?

हुद्द्याचं राहिलंच. लष्करी रिवाजात आधी हुद्दा, मग नाव, आणि ‘निवृत्त’ कंसात शेवटी. ‘निवृत्त सुभेदार अमुक’ असं नाही.