परीक्षकाचा चेहरा आठवतो, प्रश्न आठवत नाही

"पुढच्या महिन्यात दुसरी पिच स्पर्धा आहे. फॉर्म भरलाय, पण नाव मागे घ्यावंसं वाटतंय. प्रश्नोत्तरं सुरू झाली की माझं डोकंच बंद पडतं. जिला पाच माणसांच्या प्रश्नांना तोंड देता येत नाही तिने कंपनी कशाला चालवायची, असं रोज रात्री मनात येतं."

पिच स्पर्धेत, म्हणजे परीक्षकांसमोर काही मिनिटांत आपला धंदा मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या स्पर्धेत, उतरणारे उद्योजक माझ्याकडे आले की थोड्याफार फरकाने हेच सांगतात. वरचे शब्द ३४ वर्षांच्या एका उद्योजिकेचे आहेत. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिच्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. या आजारात गोळीला उशीर झाला तर साधं खुर्चीतून उठणंही अडतं. त्या काळजीतून तिने औषधांची एक डबी बनवली. वेळ झाली की वाजणारी आणि झाकण उघडल्याची नोंद ठेवणारी. दोन वर्षं आणि स्वतःची सगळी बचत त्यात गेली होती. पहिल्या स्पर्धेत पाच मिनिटांचं पिच उत्तम झालं, पण प्रश्न सुरू झाले आणि ती गप्प झाली.

मी विचारलं, "प्रश्न नेमका काय होता?"

ती बराच वेळ आठवत राहिली. परीक्षकाच्या कपाळावरची आठी आठवली, पेन टेबलावर आपटल्याचा आवाज आठवला, शेजारच्याने घड्याळ पाहिलं तेही आठवलं. प्रश्न काही आठवेना.

तिला उत्तर येत नव्हतं असं मला वाटत नाही. प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. तिचं सगळं लक्ष परीक्षकाच्या चेहऱ्यावर होतं आणि त्या चेहऱ्यात ती स्वतःला शोधत होती.

तिला मी एक प्रयोग सांगितला. माणसाच्या शरीरात ताण कसा चढतो हे मोजण्यासाठी १९९३ साली जर्मनीतल्या ट्रीर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक चाचणी तयार केली. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग अनोळखी परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि लगेच १०२२ मधून १३-१३ वजा करत जायला सांगायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांना ताकीद असते की हसायचं नाही, मान डोलवायची नाही. धडधाकट माणसांचंही कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, यात वाढतं, आणि ताणाच्या अभ्यासात ही चाचणी जगभर वापरली जाते.

"म्हणजे मी यासाठी पैसे भरून गेले होते?" ती म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मला तिला एवढंच दाखवायचं होतं की मख्ख चेहऱ्यांसमोर डोकं रिकामं होणं हा शरीराचा ठरलेला प्रतिसाद आहे. त्यावरून धंद्याची किंवा माणसाची पात्रता ठरत नाही.

पुढच्या भेटीत आम्ही स्पर्धेचं रेकॉर्डिंग पाहिलं. ते पाहायची तिला धास्ती होती. सामाजिक भीतीवरच्या उपचारात वापरतात ती पद्धत मी घेतली: आधी काय दिसेल ते लिहायचं, मग अनोळखी बाई पाहतोय अशा नजरेने पाहायचं. तिने लिहिलं होतं, अर्धा मिनिट शांतता, लालबुंद चेहरा, थरथरणारे हात. प्रत्यक्षात शांतता ६ सेकंदांची निघाली. चेहरा नेहमीसारखाच होता. हात जरा हलत होते, पण माहीत नसतं तर लक्षातही आलं नसतं.

आणि प्रश्न ऐकू आला: "किती घरांनी डबी वापरणं सोडलं?"

ती एकदम गंभीर झाली. मग म्हणाली, "अकरा. चाळीसपैकी अकरा. मी त्यांना फोनच केला नाही मॅडम. काय ऐकावं लागेल याची भीती वाटत होती."

इथे मला स्पष्ट बोलायला हवं. अशा भीतीकडे 'आत्मविश्वास वाढवा' एवढं सांगून पाहिलं तर आपण माणसाचं नुकसान करतो. तिची बरीचशी भीती अवास्तव होती, पण थोडी खरी होती, आणि त्या थोडीचा पत्ता अगदी नेमका होता. म्हणून श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवून मी तिला गृहपाठ दिला: त्या ११ घरांना फोन करा.

तिने नऊ घरांशी बोलून घेतलं. बहुतेकांचं एकच. झाकण उघडलं की डबी वाजायची थांबते. आजी-आजोबा आवाज बंद करायला झाकण उघडत आणि गोळी तशीच राही. नोंद मात्र 'घेतली' अशी होई. घरच्यांचा विश्वास उडाला होता.

दुसरी एक गोष्ट तिला खात होती. ती म्हणायची, आधीच्या पुरुष स्पर्धकाला 'किती मोठं कराल' असं विचारलं, मला मात्र 'बुडालात तर काय', म्हणजे मी कच्ची वाटले. याबद्दल अभ्यास झालेला आहे. संशोधक डेना कान्झे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या टेकक्रंच डिसरप्ट या नव्या कंपन्यांच्या पिच स्पर्धेतली २०१० ते २०१६ मधली प्रश्नोत्तरं तपासली. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के वाढीबद्दलचे होते, स्त्रियांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के तोटा टाळण्याबद्दलचे. स्त्री परीक्षकही तसंच विचारत होत्या. हा अन्याय आहे आणि तो तिच्या एकटीने निस्तरण्यासारखा नाही. पण त्याच अभ्यासात बचावाच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर देणाऱ्यांना पुढे जास्त भांडवल मिळालेलं दिसलं. म्हणून आम्ही ठरवलं, 'किती सोडून गेले' याचं उत्तर आकड्यावर थांबवायचं नाही. का गेले, त्यातून डबीत काय बदललं आणि आता ती कुणाच्या घरात जाऊ शकते, तिथपर्यंत न्यायचं.

सरावात तिच्या दोन मैत्रिणी मख्ख चेहऱ्याने बसल्या आणि मध्येच तोडून प्रश्न विचारत राहिल्या. संपूर्ण पाठ केलेलं भाषण तिने सोडून दिलं, फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ ठेवलं. पाठांतराचा धागा एका प्रश्नाने तुटतो आणि मग माणूस धागाच शोधत बसतो. प्रश्न आला की तो आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचा, एवढीच सवय लावली. त्याने दोन-तीन सेकंद मिळतात आणि लक्ष चेहऱ्यावरून प्रश्नावर येतं.

(कुणाला अशी भीती रोजच्या मीटिंगमध्ये, फोनवर, दुकानातही वाटत असेल, झोप उडाली असेल, तर सरावावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.)

दुसऱ्या स्पर्धेनंतर ती आली. सोबत नवी डबी होती. हिचा आवाज गोळी कप्प्यातून उचलल्याशिवाय थांबत नाही, कप्प्याखाली वजन ओळखणारा सेन्सर आहे. पंधरा मिनिटं ती मला तो कप्पा उघडून-मिटून दाखवत होती. सोडून गेलेल्या अकरांपैकी चार घरांनी ती पुन्हा वापरून पाहायचं कबूल केलं होतं. स्पर्धेत काय झालं ते शेवटी मलाच विचारावं लागलं.

"पहिल्या तिघांत नाही आले," ती म्हणाली. "हात थरथरत होते. पण मॅडम, तेच विचारलं त्यांनी, आणि मी अकरा म्हणाले."