महाराष्ट्राची राज्यचिन्हे कोणती? राज्यप्राणी वाघच ना? थोडी रंजक माहिती आणि नामवंत व्यक्तींची नावेही हवीत, मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी.

नाही. वाघ नाही. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार.

तुमच्या प्रश्नातल्या त्या "वाघच ना" पायी मी हे लिहायला बसलोय. बाकीची यादी आधी उरकून टाकतो. राज्यपक्षी हरियाल (हिरवं कबूतर), राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण. फुलपाखरू निलवंत, हे २०१५ साली ठरलं आणि असं फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा खाडीतला कांदळवृक्ष आला, २०२३ मध्ये पापलेट हा मासा. त्याच वर्षी शिवजयंतीपासून राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. एवढं वहीत उतरवलं की मार्क मिळतील.

आता शेकरू. माझं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगराखाली. उन्हाळ्यात आमच्याकडे बाळहिरड्याचा हंगाम. आजोबा हिरड्यावर चढून फांद्या झोडायचे, आम्ही पोरं खाली वेचायचो, मग तो हिरडा कातळावर वाळत घालायचा. शेजारच्या झाडाच्या शेंड्यावरून शेकरू ओरडत असायचं. आवाज असा की नवख्याला वाटावं, कुणीतरी भांडतंय. आजोबा वर बघून म्हणायचे, "गप ए, तुझं काय नेत नाय." आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे. ते राज्यप्राणी आहे हेही शाळेत गेल्यावर कळलं.

आमचे साडू चंद्रपूरचे. माणूस चांगला, पण ताडोबा जणू त्यांच्याच सातबाऱ्यावर आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, जेवणं चालू असताना, त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "काहून जी, आमच्याकडे इतके वाघ आहेत, अन् सरकारनं खारीले राज्यप्राणी केलं?" सगळे हसले. माझी बायकोही हसली. मी म्हणालो, वाघ देशाचा राष्ट्रीय प्राणी आहेच, त्याला परत राज्याची शाल कशाला? त्यावर ते म्हणाले, "अरे पण खार!" तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हा विषय निघतोच.

शेवटी एकदा ते सहकुटुंब भीमाशंकरला दर्शनाला आले. दर्शन झालं, चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर आणलेली ती पोर्तुगीज घंटा बघून झाली, आणि मी त्यांना गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर घेऊन गेलो. सकाळची वेळ होती, गर्दी अजून वर चढायची होती. थोडं आत गेल्यावर मी सगळ्यांना गप्प केलं. वर जांभळीवर एक शेकरू मागच्या दोन पायांनी फांदीला धरून उलटं लटकलेलं. पुढचे दोन्ही पंजे मोकळे, त्यात जांभूळ, आणि ते फिरवून फिरवून खाणं चाललेलं. पाठ तांबूस तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं, आणि अंगापेक्षाही लांब झुपकेदार शेपूट खाली सोडलेली, टोकाला फिकट होत गेलेली. तोल सांभाळायला ती शेपूटच कामाला येते. बिया टपाटप खाली पडत होत्या, त्यातली एक साडूंच्या टोपीवर पडली. मग त्यानं उडी मारली, ती समोरच्या झाडावर. ही उडी वीस फुटांपर्यंत जाते. साडूंच्या मोबाइलमध्ये नुसती हलणारी फांदी आली.

तेवढ्यात मागून आलेल्या एका कुटुंबातल्या पोरानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि वर फेकायला लागलं. मी ओरडलो. त्या पोराचे वडील माझ्यावरच डाफरले. असल्या लोकांना जंगलात सोडूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. माकडांची सवय बिघडवून झाली, आता हे.

मी साडूंना तिथंच घरटंही दाखवलं. शेंड्याजवळ, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, काटक्या आणि पानांचा मोठा गोळा. जड प्राण्याला तिथवर पोचताच येत नाही. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, सगळा संसार वरच्यावर. त्यामुळे त्याला नुसती झाडं असून भागत नाही, फांदीला फांदी लागलेली झाडं लागतात. मधली दोन झाडं तोडली की त्याचा रस्ताच बंद. वाघ रात्रीतून शेत ओलांडून दुसऱ्या जंगलात जातो, याला ते जमत नाही. म्हणून शेकरू जिथं आहे तिथं जंगल अजून सलग आहे, हे डोळे मिटून समजावं. आमच्याकडे जुन्या देवरायांमुळे ते टिकलं. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं, तेही मुख्यतः याच्याचसाठी. राज्यप्राणी निवडायला आणखी काय कारण पाहिजे?

साडू म्हणाले, "चांगलं आहे. पण वाघ तो वाघ." जाऊ द्या.

रंजक गोष्टी म्हणाल तर ताम्हण एप्रिल-मे महिन्यात फुलतं, म्हणजे १ मेला ऐन बहरात असतं. जांभळी, चुरगाळलेल्या पाकळ्यांची फुलं, मुलीला एखादं वहीत दाबून ठेवायला सांगा. हरियालचे पाय पिवळे असतात. वड-उंबर पिकले की त्यावर थवाच्या थवा बसलेला असतो, पण पानात असा मिसळतो की उडाल्याशिवाय दिसत नाही. निलवंताची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. घरी लिंबाचं झाड असेल तर औषध मारण्याआधी बघा.

व्यक्तींचं तेच. शिवाजी महाराज, फुले, टिळक, आंबेडकर ही नावं वर्गातली सगळी मुलं लिहिणार, आणि ती लिहिलीच पाहिजेत. पण सोबत आमच्या सह्याद्रीतले राघोजी भांगरे लिहा, इंग्रजांविरुद्ध महादेव कोळ्यांचं बंड उभं केलं आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे लिहा. त्या शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियाणं जपून पद्मश्रीपर्यंत पोचल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लिहा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. आणि मारुती चितमपल्ली लिहा. जन्म सोलापूरचा, पण वनखात्याच्या नोकरीत विदर्भातल्या नवेगावला बरीच वर्षं काढली. माझ्या साडूंच्याच मुलखात राहून त्यांनी वाघाइतकंच प्रेम पाखरांवर आणि झाडांवर केलं. हे मी साडूंना सांगून पाहिलंय.

मुलीला चित्र काढायचं असेल तर शेकरूचंच काढू द्या, शेपूट लांब काढायला सांगा. जमलं तर उन्हाळ्यात तिला सकाळी लवकर भीमाशंकरला न्या. पावसाळ्यात धुकं इतकं असतं की हाताशेजारचं झाड दिसत नाही. शनिवार-रविवार आणि श्रावण टाळा.

एक राहिलं. शेकरू फक्त महाराष्ट्रात आढळतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते प्रकल्पात घालू नका. दक्षिणेतही आहे, मध्य प्रदेशात सातपुड्यातही आहे. भीमाशंकरची पोटजात तेवढी उत्तर सह्याद्रीतली. हे वाचून साडूंच्या हाती आयतं कोलीत मिळेल, ठाऊक आहे. पण वाघ तरी कुठं एकट्या चंद्रपुरात आहे?