बाउले मुखवटे: सुरुवात कुठून करावी?

स्वागत! पहिला मुखवटा विकत घेण्याआधी आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांचा नाच पाहा. ध्वनिचित्रफीत असली तरी चालेल. भिंतीवर टांगलेला लाकडी चेहरा हा मुखवट्याचा फक्त एक भाग असतो. राफिया या ताडाच्या तंतूंचा पोशाख, वाद्यं, गाणी आणि नर्तक यांच्याशिवाय तो अर्धाच कळतो.

सुरुवातीला तीनच प्रकार ओळखायला शिका. पहिला गोली. या नाचात शिंगांचा, तबकडीसारखा सपाट 'क्प्लेक्प्ले' मुखवटा चटकन डोळ्यांत भरतो. हा नाच बाउलेंनी शेजारच्या वान लोकांकडून घेतला. दुसरा म्ब्लो. या नाचातले शांत, मिटल्यासारख्या डोळ्यांचे मुखवटे बहुतेकदा गावातल्या खऱ्या व्यक्तींची चित्रणं असतात, आणि ज्या बाईचा तो चेहरा ती स्वतः मुखवट्याच्या जोडीने नाचते. मला हीच परंपरा सर्वांत सुंदर वाटते. तिसरा बोनु अमुइन. हे पुरुषांचे पवित्र मुखवटे, ते पाहायला स्त्रियांना सक्त मनाई. पण म्हणून प्रत्येक मुखवट्याला 'देवता' म्हणू नका. म्ब्लो मुळात करमणुकीचा नाच आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- काळपट रंग पाहून 'जुना' ठरवणं. तो रंग मुद्दाम चढवता येतो. मुखवटा उलटा करा. आतली झीज, पोशाख बांधायची कडेची भोकं पाहा.
- शेजारच्या गुरो लोकांचे मुखवटे बाउले समजणं. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून पाहत राहा.

कोरणाऱ्यांच्या शैली, लाकडाच्या जाती हे सगळं सध्या बाजूला ठेवा.