भावोजींनी वाट अडवली. प्रीती करू की अर्ज?

मिरज तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. पती वारले. थोरल्या भावोजींनी शेताच्या जुन्या वाटेवर चर खणला. 30 गुंठे ऊस उभा आहे, तोडीला टोळी आली तरी ट्रॉली आत जाणार नाही. दोन्ही घरं एकाच मंडळीतली, म्हणजे एकाच चर्चची. तिथले पाळक (पास्टर) म्हणतात, वैऱ्यावर प्रीती करा, कचेरीची पायरी चढू नका. अर्ज दिला तर पाप लागेल का?

ताई, नाही लागणार.

गालावर मारलं तर दुसरा गाल पुढे कर, असं सांगणाऱ्या मत्तय 5:39 मध्ये नुसता गाल नाही, 'उजवा' गाल आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर पंजाची पाठच लागते. ही बरोबरीतली मारामारी नव्हे, खालच्याला हिणवणारी चपराक. दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही, उलट मारत नाही, पण खालचा म्हणून मार खायलाही नकार देतो, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. खुद्द येशूला प्रमुख याजकापुढे चपराक बसली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान 18:23).

पाळकांच्या मनात 1 करिंथ 6 असणार: भावाने भावाला कोर्टात खेचू नये. पण तिथेच हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा करणं मंडळीचं काम झालं. ते टाळून तुम्हालाच गप्प बसवायला हे वचन वापरता येत नाही.

म्हणून मत्तय 18:15-17 च्या क्रमाने जा. आधी एकट्या भावोजींशी बोला, सकाळी, घरात पाहुणे नसताना. मागणी एकच ठेवा: अमुक तारखेपर्यंत चर बुजवा. वाटणी, सासूबाईंचे दागिने, लग्नातला मानपान यांतलं काही काढलंत की वाट बाजूला राहते आणि भांडण पुढे जातं. नाही ऐकलं तर त्याच वाटेने जाणारे दोन शेजारी सोबत न्या. मग मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, लेखी द्या.

तारखेवर मात्र नजर ठेवा. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली वाट मोकळी करून घेण्यासाठी तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. मंडळीच्या बैठका लांबतात, हे काही नवीन नाही. चर कधी खणला ती तारीख आजच लिहून ठेवा, फोटो काढा, सातबारा, गावनकाशा आणि साक्षीदारांची नावं गोळा करा. भावोजींना आधीच सांगा की अर्ज देणार आहे. पाठीमागून नोटीस पाठवू नका. प्रकरण जड व्हावं म्हणून शिवीगाळीची किंवा मारहाणीची खोटी तक्रार जोडू नका. प्रीतीची खरी परीक्षा इथे आहे. खरोखर हात उगारला गेला तर मात्र त्याच दिवशी पोलिसांत जा.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत 30 जानेवारी 1956 ला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. जमलेल्या संतप्त लोकांना त्यांनी शस्त्रं घरी न्यायला आणि शत्रूवर प्रेम करायला सांगितलं. दोनच दिवसांनी, 1 फेब्रुवारीला, बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवण्याविरुद्ध तिथल्या काळ्या स्त्रियांच्या वतीने दावा दाखल झाला. काळ्या लोकांनी त्या बसवर घातलेला बहिष्कारही सुटला नाही. तो 381 दिवस चालला.

वैऱ्याला खायला-प्यायला दे, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचशील, असं रोमकरांस 12:20 म्हणतं. ते 'निखारे' मनात धरून चांगुलपणा करू नका. भावोजी शरमेने जळावेत म्हणून दिलेलं पाणी त्यांना लगेच ओळखू येतं. पाण्याची पाळी त्यांची असेल तर मोटर बंद पाडू नका. जाऊबाईंशी बोलणं तोडू नका, त्यांनी चर खणलेला नाही. प्रार्थनेत भावोजींचं नाव घ्या, पण मंडळीत मोठ्याने नको, घरी. नाताळात करंज्यांचा डबा नेहमीसारखा पाठवा, आणि तो द्यायला गेलात तर अर्जाचा विषय काढू नका.