सुटीतला रिमांड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जालन्यात दंडाधिकारी म्हणून रुजू होऊन बूड टेकलं नाही तोच सुटीच्या ड्युटीवर जीएसटीचा रिमांड, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवण्याचा खात्याचा अर्ज, आला, याचं मला नवल वाटलं नाही. जिथं स्टीलच्या भट्ट्या तिथं भंगाराचा व्यवहार, आणि भंगारात बोगस बिलं फाडणारे असतातच. शनिवारी रात्री अटक आणि रविवारी हजर, हेही नेहमीचंच. तुझ्यासमोरच्या प्रकरणाबद्दल मी अक्षरही लिहिणार नाही, तूही विचारू नकोस. पण “एवढे कोटी ऐकल्यावर जामिनाचा विचार तरी कसा करायचा, सर?” हा तुझा प्रश्न पुढं अनेकदा येणार आहे, म्हणून लिहितो.

कोटींचा आकडा सगळ्यात शेवटी बघ. आधी त्या आकड्याची बेरीज बघ. अटकेचा अधिकार जीएसटी कायद्याच्या कलम ६९ मधून येतो आणि गुन्हा कलम १३२ मध्ये आहे. मालाशिवाय बिल, बिलाशिवाय माल, अशा बिलांवर घेतलेलं क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट), किंवा गिऱ्हाइकाकडून कर गोळा करून तीन महिन्यांवर दाबून ठेवणं, यांत कराची किंवा क्रेडिटची रक्कम पाच कोटींच्या वर गेली तरच गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो. खाली असेल तर जामीन हा आरोपीचा हक्कच आहे, खात्याचा अधिकारीसुद्धा तो देऊ शकतो. म्हणून रिमांड अर्जाबरोबरचा तक्ता पेन्सिल घेऊन तपास. दुसऱ्याच्या फर्मची बिलं ‘संबंधित’ म्हणून यात मिळवून पाच कोटींची रेघ ओलांडली आहे का? तो संबंध दाखवणारा एक तरी कागद जोडलाय का? २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अग्रवाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे अधिकार घटनात्मक ठरवले, पण अटकेला मंजुरी देणाऱ्या आयुक्तांच्या ‘विश्वास ठेवण्यास कारणां’ना पुराव्याचा आधार हवा हेही सांगितलं. अटक आधी आणि गुन्हा बसतो का याचा शोध नंतर, असं चालत नाही.

मग वेळ बघ. माणसाला ऑफिसात किती वाजता आणून बसवलं आणि अटक किती वाजता दाखवली? अटकेची कारणं त्याला लेखी दिलीत का, आणि कुठल्या भाषेत? घनसावंगीकडच्या माणसाच्या हातात इंग्रजीचे कागद देऊन सही घेतली म्हणजे कारणं सांगितली, असं होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळ्याच गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं: कारणं लेखी हवीत, अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत हवीत, आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हातात पडायला हवीत. तू त्याला मराठीत विचार, तुला का धरलंय? उत्तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, उतरव.

हे सगळं नीट असेल तर मग जामीन. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ४५ सारख्या दुहेरी अटी (आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री) जीएसटी कायद्यात नाहीत. जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं, खटला दंडाधिकाऱ्यापुढे. पुरावा म्हणजे पोर्टलवरची रिटर्न्स, ई-वे बिलं, बँकेचे उतारे, जप्त मोबाइल. म्हणजे बराचसा आधीच खात्याच्या ताब्यात. डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२५ या दोन्ही वेळी सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांत जामीन दिला. दुसऱ्या निकालात तर आधीच्या न्यायालयांनी तो नाकारलाच कसा, याचं आश्चर्य व्यक्त केलं. आणखी एक गोष्ट बघ. खातं बहुतेक वेळा चौकशीसाठी स्वतःच्या ताब्यात न मागता थेट न्यायालयीन कोठडीच, म्हणजे तुरुंगच, मागतं. त्याला स्वतःला आरोपीकडून काही विचारून घ्यायचं नसेल, तर ‘तपास बाकी आहे’ या वाक्याचं वजन किती धरायचं?

सरकारी वकील आर्थिक गुन्ह्यांचा वर्ग वेगळा असल्याचा २०१३ चा निकाल वाचतील. ते खरंच आहे, आणि बुडालेला कर तुझ्यामाझ्या खिशातला आहे हेही खरं. पण २०१९ मध्ये पी. चिदंबरम यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलंय की गंभीर गुन्हा म्हणून जामीन सरसकट नाकारायचा, असा नियम नाही.

आता मला खरं लिहायचंय ते कागदावरच्या मालकाबद्दल. आपल्या भागात हा माणूस तुला वारंवार दिसेल. ऊसतोडीला जाणारा, आडतीवर हमाली करणारा, नाहीतर वाळूजला कंत्राटावर लागलेला पोरगा. कर्ज करून देतो म्हणून कुणीतरी आधार, पॅन, लाइट बिल नेतं आणि त्याच्या नावानं फर्म उघडतं. फर्मची उलाढाल कोटींत, याच्या घरावर पत्रे. रिमांड अर्जात तो ‘प्रोप्रायटर’ असतो आणि फर्म खरी चालवणाऱ्याच्या शेजारी तेच कलम अंगावर घेऊन उभा असतो. नोंदणीतला मोबाइल नंबर कुणाचा, ओटीपी कुणाला जायचा, कोऱ्या चेकांवर सह्या कुणी घेतल्या, खात्यातून निघालेली रोकड कुठं गेली, एवढं विचारलंस तरी दोघं वेगळे दिसू लागतात.

चालवणाऱ्याच्या बाबतीत मी इतका मोकळा नाही. त्याच्याविरुद्धचे साक्षीदार म्हणजे हीच गरीब माणसं, ट्रकवाले आणि पगारी मुनीम. त्यांच्यावर दबाव आणणं त्याला अवघड नाही. समन्स चुकवले असतील, चॅट पुसले असतील, छाप्यानंतरही नव्या नावानं बिलं निघत असतील, तर काही दिवस जामीन नाकारायला कचरू नकोस. फक्त ते कारण कुठल्या कागदातून निघालं ते आदेशात लिही. आणि तारीख लक्षात ठेव: ६० दिवसांत खात्याची तक्रार (पोलिसांच्या आरोपपत्राच्या जागी असते ती) दाखल झाली नाही, तर जामीन त्याच्या हक्काचा.

बचावाचा वकील उठून म्हणेल, साहेब, दोन कोटी भरतो, सोडा. मोह होतो, कारण सरकारचा पैसा परत आल्यासारखं वाटतं. पण कराच्या वसुलीसाठी कलम ७४ आणि ७४-अ आहेत, तुझं टेबल नाही. सुटल्यावर असे आरोपी शब्द फिरवतात. वैतागून सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, खालच्या न्यायालयांना आणि उच्च न्यायालयांना बजावलं की पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, गुणदोषांवर ठरवा.

शेवटचं जामीनदाराचं. १९७८ च्या मोतीरामच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यानं एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला होता; सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं. आजही सॉल्व्हन्सी (जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला) आणि सातबाऱ्यापायी जामिनाचा आदेश झालेला माणूस आत राहतो. बीडचा सातबारा जालन्यात चालत नाही, असं तुझे कर्मचारी सांगतील. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करू शकतं. कागदावरच्या मालकाला बहुतेक वेळा जातमुचलका, म्हणजे त्याचा स्वतःचाच हमीचा बाँड, पुरतो. आदेश टाइप झाल्यावर त्याची सॉफ्ट कॉपी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तुरुंगाला गेली का, एवढं संध्याकाळी शिरस्तेदाराला विचारत जा.

तुझे,
सर