भिंतीतलं आधी, ओट्यावरचं मागून

प्रश्न (पत्रातला थोडक्यात) : आम्ही अंबाजोगाईला राहतो. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, हातात ५८ हजार येतात. माझे शिवणकामाचे महिन्याला आठ-नऊ हजार. मुलगी अकरावीला लातूरला आहे, नीटची तयारी करते. क्लास आणि होस्टेल मिळून वर्षाला १ लाख ६० हजार लागतात. येळवस (मार्गशीर्ष अमावास्येचा सण, डिसेंबर-जानेवारीत येतो) झाली की स्वयंपाकघराचं काम काढायचं आहे. फोडाफोडी, ग्रॅनाइट, टाइल्स, ट्रॉल्या यांचे पैसे बाजूला काढलेत. वस्तूंसाठी भिशीचे आणि सोयाबीनचे मिळून १ लाख २० हजार आहेत. लातूरच्या दुकानदाराने चिमणी, चार बर्नरचा हॉब (ओट्यात रुतवून बसवायची शेगडी), ३४० लिटरचा फ्रिज, बिल्ट-इन मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि आरओ असा सगळा संच २ लाख १६ हजारांत सांगितलाय. महिना १२ हजार, १८ हप्ते, व्याज शून्य. बँकेत ३ लाखांची एफडी आहे. हप्त्यावर घेऊ की एफडी मोडू? सासूबाई म्हणतात काहीच नको, जुनी शेगडी बरी.

नमस्कार ताई,

हप्ताही नको आणि एफडीही नको. तुमच्याकडे आहेत त्या १ लाख २० हजारांत हे काम बसतं, वर थोडे उरतातही. फक्त दुकानदाराने दिलेली यादी खाली ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला बोलवा.

आधी त्या शून्य व्याजाचं बघू. मी सांगितल्यावर तुम्ही दुकानात फोन करून रोखीचा भाव विचारलात, तो निघाला १ लाख ९८ हजार. म्हणजे रोखीने घेणाऱ्याला जी १८ हजारांची सूट मिळते ती तुम्हाला नाही. तेच तुमचं व्याज. शिवाय पहिला हप्ता काउंटरवरच घेणार आणि फाइल चार्ज १,५००. हे सगळं मांडून हिशेब केला तर वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो, तो मागून घ्याच. पण हुकलेली सूट त्या कागदावर दिसेलच असं नाही. ती तुम्ही काढली तशी दुकानदाराच्या तोंडूनच काढावी लागते.

नुसतं गणित म्हणून पाहिलं तर एफडी मोडणं या हप्त्यापेक्षा स्वस्त. मुदतीआधी मोडल्याचा दंड धरला तरी. पण ती एफडी नावाला तुमची आहे, खरं तर ती मुलीची आहे. जूनमध्ये बारावीची फी. येळवशीनंतर हप्ते सुरू केले तर शेवटचा हप्ता येतो पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे नीट होऊन कॉलेजप्रवेशाच्या तोंडावर. त्या महिन्यात घरात रोख किती लागते हे ज्याच्या घरातलं पोर त्यातून गेलंय त्याला विचारा. त्या वेळी चिमणीचा हप्ता चालू असणं मला पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्वयंपाकघर फोडलं जाणार ते एकदाच. भिंत उघडी असते ते पंधरा-वीस दिवस. फ्रिज काय, डिशवॉशर काय, पुढच्या दिवाळीलाही मिळणार आहे, बहुधा याहून चांगला. पण त्याच्यासाठी लागणारा पॉइंट, पाण्याची लाइन, सांडपाण्याचा पाइप हे आत्ता टाकलं नाही तर नंतर नव्या टाइल्सवर छिन्नी चालवावी लागते. म्हणून पहिले २४ हजार भिंतीत घाला. इलेक्ट्रिशियनला सांगायचं ते असं : फ्रिजला, मायक्रोवेव्हच्या जागेला, डिशवॉशरच्या जागेला आणि शेगडीशेजारी इंडक्शनसाठी असे चार वेगवेगळे १६ अँपिअरचे पॉइंट, मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, प्रत्येकाला आपली एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग तपासून घ्यायचं, जुन्या घरात बहुतेक ठिकाणी ते फक्त तीन भोकांच्या प्लगापुरतं असतं. झटका बसू नये म्हणून आरसीसीबी बसवायची. चिमणीसाठी सहा इंची पाइप जाईल एवढं भोक थेट बाहेरच्या भिंतीला, कमीत कमी वळणांनी. सिंकखाली एक जादा नळ आणि जादा निचरा. हे कोणी पाहुणा कौतुकाने बघणार नाही.

हॉबच्या बाबतीत मी जरा हात राखून बोलायला हवं, कारण माझा हात पोळलाय. २०१९ मध्ये आमच्या घरी ग्रॅनाइट कापून काचेचा हॉब बसवला. दिसायला झकास. तीन वर्षांनी एका संध्याकाळी फोडणी चालू असताना काच तडकली. कंपनी म्हणाली ते मॉडेल बंद झालं. नव्या हॉबचा कटआउट जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटरने मोठा. भरल्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइट कापायला माणूस आला. तो पांढरा धुरळा आठवडाभर डाळीच्या डब्यांवरून पुसत होतो. ओट्यात रुतवलेली कुठलीही वस्तू बिघडली की नुसती वस्तू बदलून भागत नाही, तेवढ्याच मापाची शोधावी लागते. बिल्ट-इन मायक्रोवेव्हलाही हेच लागू. दूध-भाजी गरमच करायची असेल तर सहा-सात हजारांचा साधा सोलो मायक्रोवेव्ह ओट्यावर ठेवा, तोही पुढे कधीतरी. आत्ता पॉइंट पुरे.

आणि तुमच्याकडे भाकरी होते. ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग तवा उतरवून जाळावर फुगवायची. या सगळ्यात पीठ झडतं ते बर्नरवर. शेगडी उचलून तिच्याखालून ओला फडका फिरवता येतो, रुतवलेल्या हॉबचं तसं नाही. त्यातून येळवशीच्या भज्जीचं, म्हणजे मिश्र भाज्यांच्या कालवणाचं, पातेलं. दुकानात जाताना घरातलं सगळ्यात मोठं पातेलं सोबत न्या, हसतील हसू द्या. चार बर्नरच्या हॉबवर ते मध्ये ठेवलं की शेजारचे दोन बर्नर निकामी होतात की नाही ते तिथेच बघा. तीन बर्नरची, जाड पत्र्याची, एक मोठा पितळी बर्नर असलेली स्टीलची शेगडी सहा हजारांत येते. सासूबाईंचं अर्धं म्हणणं मी इथे मान्य करतोय, त्यांना सांगा.

चिमणीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने. ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या की पुढच्या खोलीतला माणूस खोकतो, हे तुम्हीच लिहिलंय. १४ हजारांपर्यंत चांगली मिळते. शेगडीपेक्षा अरुंद नको आणि पाइप बाहेर काढलेलीच हवी; आतल्या आत हवा फिरवणारी कोळशाच्या फिल्टरची आपल्या फोडणीपुढे टिकत नाही. एक मात्र समजून घ्या, ती धूर आणि तेलकटपणा ओढते, मे महिन्यातलं ऊन नाही. त्यासाठी खिडकी मोठी करता आली तर मिस्त्रीला विचारा.

फ्रिज ३४० लिटरचा कशाला? घरात आता मोठी माणसं तीन, मुलगी सुटीत येते. २५०-२६० लिटरचा दोन दारांचा पुरतो, २७ हजारांत बसतो. तुम्ही दोन लेबलांचे फोटो पाठवलेत : तीन स्टारवाला वर्षाला २२५ युनिट, पाच स्टारवाला १६५. किमतीत फरक साडेसात हजारांचा. तुमचं बिल महिना १३०-१४० युनिटचं, म्हणजे १०० युनिटांच्या वरच्या स्लॅबमध्ये. तिथलं युनिट सगळे आकार धरून १२ रुपये धरू. ६० युनिटांचे वर्षाला ७२० रुपये वाचतात. साडेसात हजार वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. एसी असता तर मी पाच स्टार म्हटलं असतं, फ्रिजला तीन स्टार घ्या. लेबलवर ते कोणत्या वर्षांसाठी लागू आहे तेही छापलेलं असतं. निकष अधूनमधून कडक होतात, गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालाचे स्टार नव्याच्या तोडीचे नसतात. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की तुमच्याकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा स्टॅबिलायझरशिवाय तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे माहितीपत्रकात वाचून घ्या. सेल्समन प्रत्येक फ्रिजला ‘चालतंय की’ म्हणतो.

दुकानदार म्हणाला म्हणे, जीएसटी कमी झालाय, पुन्हा वाढायच्या आत घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलं ते डिशवॉशरचं. फ्रिज आणि मिक्सर जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. त्यामुळे फ्रिजवर ‘जीएसटी कपातीची सूट’ असा कागद चिकटवलेला दिसला तर तिकडे लक्ष देऊ नका.

डिशवॉशरवर तुम्ही पत्रात सगळ्यात जास्त लिहिलंय आणि सासूबाईंना तोच सगळ्यात जास्त खटकतोय. हिशेबाने सांगतो. भांड्यांच्या मावशींना तुम्ही १,२०० देता. डिशवॉशरला पावडर, मीठ आणि रिन्सचं लिक्विड मिळून महिन्याला सातशे-आठशे लागतात. रोज एक फेरी म्हणजे साधारण एक युनिट वीज, तीस युनिटांचे साडेतीनशे. झाले की अकराशे. वर ३६ हजारांची किंमत, लोखंडी तवा आणि काळी कढई हातानेच घासायची. पैशाची बचत यात नाही. पण मावशी महिन्यातून सहा-सात दिवस येत नाहीत आणि त्या दिवसांत शिलाई मशीन सोडून तुम्ही सिंकपाशी उभ्या असता, म्हणजे तुमची शिलाई बुडते. एका ब्लाउजची शिलाई किती घेता ते तुम्हाला ठाऊक. तेव्हा हौस म्हणून सोडून देण्यातली ही वस्तू नाही.

पाण्याचं म्हणाल तर तो पाणी कमी खातो. एका फेरीला दहा-बारा लिटर, नळाखाली तेवढीच भांडी घासली तर याहून कितीतरी जास्त जातं. तुमचं नळाचं पाणी बऱ्याच अंशी धनेगावच्या मांजरा धरणाचं, आणि ते धरण कोरडं पडलं त्या २०१६ सालच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. अडचण वेगळी आहे. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं जड पाणी मिसळलं की मीठ जास्त लागतं, आणि मशिनला पाण्याचा दाब लागतो. टाकी ओट्यापासून किती उंच आहे ते आधी मोजा. दुसरं, बिघडला तर माणूस लातूरहून येतो. त्या कंपनीचा कारागीर अंबाजोगाईला आठवड्यातून कोणत्या वारी येतो, हे दुकानदाराला नव्हे, ज्यांच्याकडे ती वस्तू आहे अशा गावातल्या दोन घरांत विचारा.

म्हणून डिशवॉशर घ्या, पण आत्ता नको. ओट्याखाली ६० सेंटिमीटर रुंदीची जागा ट्रॉली न बसवता मोकळी ठेवा. तोवर तिथे पिठाचा डबा राहील. जो १२ हजारांचा हप्ता भरायला तयार होतात, त्याचा पाव भाग, तीन हजार, महिन्याला बाजूला टाका.

आरओ घेण्याआधी दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते तो दाखवतो. नळाचं पाणी आणि टाकीचं पाणी वेगवेगळं मोजा, एकदा आता आणि एकदा एप्रिलमध्ये. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं मानतं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. नळाचं पाणी ५०० च्या आत असेल आणि पिण्यासाठी तेच वेगळं भरत असाल तर साधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) पुरतो. आरओ प्यायचं एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी सोडून देतो, ते मोरीत न जाता बादलीत पडेल अशी नळी काढा. यासाठी १२ हजार धरलेत, यूव्हीवर भागलं तर काही परत येतील.

आता बेरीज : भिंतीतलं २४, फ्रिज २७, चिमणी १४, शेगडी ६, पाण्याचं १२, मिळून ८३ हजार. उरले ३७. त्यातल्या २० हजारांना हात लावायचा नाही, कारण जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघतं हे मिस्त्रीलाही माहीत नसतं आणि सांगितलेल्या खर्चात संपलेलं स्वयंपाकघर मी अजून पाहिलेलं नाही. बाकीचे १७ हजार डिशवॉशरच्या नावाने वेगळे ठेवा. महिना तीन हजारांनी सहा-सात महिन्यांत उरलेले जमतील. काम २० हजारांच्या आत आटोपलं तर त्याहून लवकर.

दुकानदार म्हणेल संच फोडला तर भाव बदलेल. बदलू द्या. फ्रिज, चिमणी आणि शेगडी एवढ्याचा रोखीचा भाव त्याच्याकडून लिहून घ्या आणि तोच कागद घेऊन अंबाजोगाईतल्या दुकानात जा. शे-पाचशे जास्त लागले तरी गावातलं दुकान परवडतं, चिमणी बिघडली की त्याच्या दारात उभं राहता येतं.

प्लास्टर करायच्या आदल्या दिवशी चारही भिंतींना टेप लावून मोबाइलवर फोटो काढा, वायर आणि पाइप कुठून गेलेत ते इंचांत दिसलं पाहिजे. आणि ओटा बांधायच्या आधी सासूबाईंना भाकरीची काठवट (लाकडी परात) घेऊन तिथे उभं करा. त्यांच्या हाताला सोयीची उंची मिस्त्रीने त्यांच्यासमोरच भिंतीवर खडूने मारून घ्यावी.